विनोबांचा तराजू

११ सप्टेंबर हा आचार्य विनोबा भावे यांचा जन्मदिवस. त्या दिवशी भूदानाची, गीताईची, पवनारच्या आश्रमाची आठवण निघते. डॉक्टर म्हणून मला मात्र त्यांच्या चरित्रातल्या एका वेगळ्या गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे. हा माणूस आयुष्यभर मोजत राहिला. दूध किती तोळे, ज्वारी किती तोळे, चालणे किती मैल, सूत किती तार, कुदळ किती मिनिटे, याचा हिशेब त्यांच्यापाशी असे. एवढे मोजूनही एकदा त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोवर आले होते. तिथून ते मोजूनच वर आले. आहाराविषयी रोज नवे काही ऐकणाऱ्या आपल्याला या दोन्ही गोष्टींतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

गागोद्याचे घर

विनायक नरहरी भावे यांचा जन्म १८९५ साली गागोदे बुद्रुक या गावी झाला. पेण तालुक्यातले, डोंगरांच्या कुशीतले हे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते, आज ते रायगड जिल्ह्यात आहे. आजोबा शंभूराव हे घरातले कर्ते पुरुष, व्रतवैकल्ये नेमाने करणारे. वडील नरहरराव बडोद्याला नोकरीला. आई रुक्मिणीबाई मुलांना घेऊन सासरी गागोद्याला. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत विनायकाचे, आईच्या विन्याचे, बालपण याच घरात गेले.

आजोबा एकदा चांद्रायण व्रत करत होते. शुद्ध प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असे वाढवत पौर्णिमेला पंधरा. मग रोज एकेक कमी करत अमावास्येला पूर्ण उपवास. जेवण चंद्रोदयानंतर, पूजा झाल्यावर. चंद्र दर दिवशी साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य पक्षात हे जेवण मध्यरात्रीनंतर होई. आजोबा तेव्हाही नातवाला झोपेतून उठवून प्रसाद देत. महिन्याचे घास मोजले तर २२५ होतात, म्हणजे दिवसाला सरासरी साडेसात. मधुमेह असलेल्यांनी किंवा हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांनी असले व्रत डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये, हे आधी सांगतो. पण खाण्याला मोजमाप असते, ते एका क्रमाने वाढवता येते आणि त्याच क्रमाने कमी करता येते, ही गोष्ट त्या मुलाने चार भिंतींच्या शाळेत जाण्यापूर्वी घरातच पाहिली होती. पुढे त्याने स्वतःच्या शरीरावर जे प्रयोग केले त्यांची रीत हीच होती.

लाख दाणे कसे मोजायचे?

आईचीही एक गोष्ट विनोबा पुढे सांगत असत. तिने देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. रोज मूठभर तांदूळ घेऊन ती एकेक दाणा मोजत वाहात असे. नरहररावांनी ते पाहिले. ते शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ, कापड रंगवण्याच्या रसायनांचे प्रयोग करणारे. त्यांनी सुचवले की एक तोळा तांदूळ तोलून त्यातले दाणे मोजावेत, त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढावे आणि चूकभूल म्हणून अर्धा तोळा जास्त घ्यावा. आईला काय उत्तर द्यावे ते सुचेना. तिने संध्याकाळी विन्याला विचारले. त्याचे म्हणणे असे पडले की वडिलांचा हिशेब बरोबर आहे, पण इथे काम हिशेबाचे नाही. प्रत्येक दाण्यागणिक मन देवाकडे जाते, म्हणून दाणे मोजूनच वाहावेत. आईचे समाधान झाले.

नरहररावांची रीत आज कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य होईल. नमुना घ्या, तोला, मोजा, गुणाकार करा आणि चुकीसाठी थोडी जागा ठेवा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. तांदळाचा एक दाणा सुमारे २० मिलिग्रॅमचा धरला तर तोळ्यात पावणेसहाशेच्या आसपास दाणे बसतात आणि लाख दाण्यांचे वजन दोन किलोच्या घरात जाते. बारीक जिरेसाळ घेतली तर वजन कमी, जाडा तांदूळ घेतला तर जास्त. म्हणून तर आधी नमुना तोलायचा.

आपल्याकडे शेर दोन प्रकारचे होते, मापाचा आणि वजनाचा. कोकणात भात-तांदूळ मापाने मोजण्याची चाल. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही सगळी मापे जागा मोजतात, वजन मोजत नाहीत. माप सपाट भरले की शीग लावून भरले, हलवून भरले की नुसते ओतले, यावर आत किती धान्य जाते ते ठरते. देणाऱ्या-घेणाऱ्याची भांडणे याच शिगेवरून होत. सोनार मात्र कधी मापाने देत नाही. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, असा त्याचा हिशेब वजनाचाच. वस्तू जितकी थोडी आणि जितकी महत्त्वाची, तितकी ती तोलूनच घ्यावी लागते.

औषधांचेही तसेच आहे. इंग्रज सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. ग्रेन म्हणजे मूळ अर्थाने धान्याचा एक दाणा, सुमारे ६५ मिलिग्रॅम. जुने डॉक्टर औषधाच्या भुकटीची मात्रा ग्रेनमध्ये लिहीत आणि कंपाउंडर ती तराजूवर तोलून पुड्या बांधत. अ‍ॅस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी आजही मिळते. हा विचित्र आकडा आला कुठून? ती जुनी पाच ग्रेनची मात्रा आहे. ग्रेन आज आणखी एका ठिकाणी टिकून आहे, ते म्हणजे बंदुकीच्या काडतुसात. काडतूस स्वतः भरणारे परदेशी शिकारी त्यातली दारू ग्रेनमध्येच तोलतात. शेताची नासाडी करणाऱ्या लहान प्राण्यांसाठी असलेल्या बारीक नळीच्या बंदुकीला दारू लागते ती वीस-पंचवीस ग्रेन, म्हणजे जेमतेम १.३ ते १.६ ग्रॅम. दारूच्या कणांचा आकार बदलला की त्याच मापात बसणारे वजनही बदलते. मोठ्या काडतुसात एक ग्रेनची चूक पचून जाईल, लहान काडतुसात तीच चूक चार-पाच टक्क्यांची होते. तान्ह्या मुलाच्या औषधाचे गणित अगदी असेच आहे. मोठ्या माणसाच्या मात्रेत जी चूक नगण्य, ती सहा किलोच्या बाळात गंभीर ठरते.

साठ तोळे दूध, वीस तोळे ज्वारी

बडोद्यात शाळा-कॉलेज झाले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले. तिथून गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची पहिली भेट झाली. गांधीजी तेव्हा भाजी चिरत होते, त्यांनी पाहुण्यालाही भाजी चिरायला बसवले. वीस वर्षांचा हा तरुण प्रकृतीने अगदी किरकोळ आहे हे त्यांच्या लगेच ध्यानात आले आणि आत्म्याचा शोध घेणाऱ्याने आजारी पडता कामा नये, अशा अर्थाचे काहीतरी त्यांनी सुनावले. ते विनोबांना चांगलेच लागले असावे.

पुढच्या वर्षी त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकायचे आणि प्रकृतीही सुधारायची, असे दुहेरी काम होते. वर्ष संपायला आले तेव्हा, फेब्रुवारी १९१८ मध्ये, त्यांनी गांधीजींना सविस्तर पत्र लिहून आपला हिशेब दिला. त्यात अभ्यासाबरोबर शरीराचाही हिशेब आहे. आधी रोज दहा-बारा मैल चालणे, नंतर सहा ते आठ शेर दळण आणि शेवटी तीनशे सूर्यनमस्कार. मीठ पहिले काही महिने घेतले, मग सोडले. मसाले वर्ज्य. एक महिना केवळ केळी, दूध आणि लिंबू यांवर राहून पाहिले, पण ताकद कमी झाली म्हणून ते सोडून दिले. त्या वेळचा रोजचा आहार असा: दूध साठ तोळे, वीस तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, चार-पाच केळी आणि मिळाले तर एक लिंबू.

हा आहार शंभर वर्षांनंतर आजच्या कोष्टकात घालून पाहू. साठ तोळे दूध म्हणजे ७०० ग्रॅम. गाईचे धरले तर त्यातून सुमारे ५०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने मिळतात. वीस तोळे ज्वारी म्हणजे २३३ ग्रॅम. त्यातून पावणेआठशे कॅलरी आणि पुन्हा २३ ग्रॅम प्रथिने. केळ्यांच्या चारशे कॅलरी. बेरीज सतराशे कॅलरींच्या जवळपास आणि प्रथिने ५० ग्रॅम. आजच्या भारतीय शिफारशी पाहा: ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे २,११० कॅलरी आणि ५४ ग्रॅम प्रथिने, तर मध्यम अंगमेहनत करणाऱ्याला २,७१० कॅलरी.

म्हणजे बावीस वर्षांच्या या मुलाने वस्तूंची निवड फार शहाणपणाने केली होती. ज्वारीत ज्या आवश्यक अमिनो आम्लाची उणीव असते, ते लायसिन दुधात भरपूर असते. दुधातून कॅल्शियम आणि शाकाहाऱ्यांना दुर्मीळ असलेले बी-१२ मिळते. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातले लोह शरीरात शोषले जायला मदत होते. प्रथिनेही जवळजवळ पुरेशी. कमी पडत होती ती ऊर्जा. दहा मैल चालणाऱ्या किंवा दळण दळणाऱ्या शरीराला सतराशे कॅलरी पुरत नाहीत. ते किरकोळ बांध्याचे होते म्हणून काही काळ निभावले असेल, पण अशी तूट वर्षानुवर्षे राहिली की शरीर ती आपल्या स्नायूंमधून भरून काढते.

तरीही या प्रयोगातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. केळी-दुधाचा प्रयोग त्यांनी महिनाभर करून पाहिला, ताकद कमी झाली हे ओळखले आणि थांबवला. आवडता सिद्धांत आणि शरीराचे म्हणणे यांत विरोध आला तेव्हा त्यांनी शरीराचे ऐकले. रजेचे वर्ष पुरे झाले त्याच दिवशी ते आश्रमात परत हजर झाले, हेही या मोजण्यातच जमा धरायचे.

अठ्ठ्याऐंशी पौंड

एप्रिल १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले आणि मग विदर्भ हीच त्यांची कर्मभूमी झाली. तुरुंगवास, शिकवणे, लेखन चालूच होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यानंतर वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी एक कठीण प्रयोग मांडला. कातणाऱ्या गरीब बाईला जी मजुरी मिळते तिच्यावर माणूस जगू शकतो का, हे त्यांना स्वतः कातून पाहायचे होते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. दिवसाचे आठ-आठ तास कातायचे, त्याची मजुरी मांडायची आणि खर्च तेवढ्यात बसवायचा. इथे तराजूचे दुसरे पारडे सूत होते. जेवण किती, हे शरीराची गरज ठरवत नव्हती, मजुरी ठरवत होती.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९३८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी काळजीने बोलावून घेतले. आपल्या देखरेखीखाली राहावे किंवा हवापालटाला जावे, असा आग्रह धरला. विनोबांनी हवापालटासाठी जागा निवडली ती पाच मैलांवरचे पवनार. तिथे धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. ७ मार्च १९३८ रोजी ते तिथे गेले. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी कामाचे सगळे विचार आपण सोडले, असा संकल्प तीनदा केला आणि मग खरोखरच सोडले.

पवनारला त्यांनी मोकळ्या हवेत शेत खणायला सुरुवात केली. सुरुवातीला अगदी थोडी मिनिटे, मधे मधे थांबत, मग रोज थोडे थोडे वाढवत नेत तासावर. बरोबर पोटभर आहार आणि डोक्याला पूर्ण विश्रांती. याच खणण्यात त्यांना राम आणि भरत यांच्या भेटीचे जुने शिल्प सापडले. दहा महिन्यांत वजन ८८ वरून १२८ पौंडांवर गेले.

चाळीस पौंड म्हणजे १८ किलो. दहा महिन्यांत १८ किलो म्हणजे आठवड्याला सुमारे ४०० ग्रॅम. फार खंगलेल्या रुग्णाचे वजन वाढवायचे असेल तर आम्ही आजही साधारण याच गतीची अपेक्षा धरतो. दीर्घ काळ कमी खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातले तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम घसरतात आणि हृदयाला धोका होऊ शकतो, म्हणून आहार पायरीपायरीने वाढवायचा असतो. नुसते खाऊन वाढलेले वजन चरबीचे होते. स्नायू परत यायचे तर खाण्याला मेहनतीची जोड हवी, आणि तीही अशी थोड्या मिनिटांपासून सुरू केलेली. क्षयातून उठलेल्या किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णाला आम्ही जे सांगतो ते विनोबांनी पवनारला करून दाखवले. शुद्ध पक्षातल्या चांद्रायणासारखे, रोज एक घास वाढवत.

इथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. इतका काटेकोर माणूस ४० किलोपर्यंत का आला? पोटात काय जाते ते तोलले जात होते आणि ते कमी पडते हे काटा सांगत होता. पण त्या काळात त्यांनी प्रयोगाचे उद्दिष्ट प्रकृतीपेक्षा मोठे मानले होते. मोजणे तुम्हाला आकडा देते. त्या आकड्याचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आज वजन कमी करण्याच्या नादात मोबाइलवर रोजच्या कॅलरी टिपणारी, पण थकवा, केस गळणे, पाळी बंद होणे या खुणांकडे काणाडोळा करणारी तरुण मुले-मुली आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. त्यांच्यापाशी आकडे सगळे असतात.

चालणाऱ्याचे पोट

१९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडले आणि त्यांचे नाव देशभर झाले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. तिथून १९६४ सालापर्यंत ते देशभर पायी फिरत राहिले. पहाटे अंधारात उठून रोज दहा-बारा मैल, पन्नाशी आणि साठी ओलांडलेल्या वयात. या काळात त्यांना पोटातल्या अल्सरचा जुनाट त्रास होता. म्हणून आहार ठरलेला: दही किंवा दूध, मध किंवा गूळ, तेही थोडे थोडे आणि दिवसातून अनेक वेळा, ठराविक वेळी. भोवती हजारोंची सभा असली तरी त्या वेळा चुकत नसत.

त्या काळात अल्सरवर जगभर हाच उपचार होता. दर तासा-दोन तासांनी दूध घेण्याचा आहार अमेरिकेत १९१५ सालापासून रूढ होता. दुधाने तात्पुरते बरे वाटते हे खरे. पण दुधातल्या कॅल्शियम आणि प्रथिनांमुळे थोड्या वेळाने जठरात आम्ल उलट वाढते, हे नंतर कळले. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो, याचा शोध ऑस्ट्रेलियात पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी लावला. हा जंतू प्रयोगशाळेत प्रथम वाढवता आला तो १९८२ साली, आणि त्याच वर्षी विनोबा गेले. या शोधाला २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विनोबांनी जन्मभर जो त्रास खाण्याच्या वेळा सांभाळून आवरला, त्या प्रकारच्या दुखण्यावर आता बहुतेकदा दोन आठवड्यांचा औषधांचा कोर्स पुरतो. तेव्हा वर्षानुवर्षे दूध पिऊन किंवा सोडा घेऊन पोटदुखी दाबणाऱ्यांनी एकदा तपासून घ्यावे, हे उत्तम.

१९५२ च्या अखेरीस बिहारमध्ये चांडिल येथे विनोबांना तीव्र स्वरूपाचा मलेरिया झाला. ताप चढत गेला, प्राणावर बेतले. औषध घ्यायला ते आधी तयार नव्हते. देशभरातून विनवण्या झाल्या, शेवटी त्यांनी औषध घेतले आणि ते बरे झाले. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. त्यातल्या बहुसंख्यांना औषध मिळतच नसे. विनोबांना ते मिळाले, त्यांनी वेळेत आपला आग्रह सोडला, आणि पुढची बारा वर्षांची पदयात्रा त्यामुळे होऊ शकली. आहाराने जे होते ते आहाराने करावे. पण मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया केवळ आहाराने हटत नाही.

शेवटचे माप

१९७० पासून विनोबा पवनारलाच राहिले. नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारांनी थोडा उतार पडला. त्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षात, दिवाळीच्या दिवशी देह ठेवला. या निर्णयाविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही असतील. डॉक्टरचे काम जीव वाचवण्याचे आहे, त्यामुळे माझे मन अशा निर्णयापाशी सहज वळत नाही. पण हा निर्णय एका अतिवृद्ध, पूर्ण शुद्धीतल्या माणसाने आयुष्यभराच्या श्रद्धेने घेतला होता. तरुणपणच्या नैराश्यातल्या किंवा वजन घटवण्याच्या उपाशीपणाशी त्याचा काहीही संबंध जोडू नये. घरात कुणी खाणेपिणे सोडले असेल तर ते आजारपणाचे किंवा मनाच्या दुखण्याचे लक्षण समजून ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या घरातला तराजू

विनोबांचा आहार कुणी उचलू नये. उचलायची ती त्यांची रीत. एका वेळी एकच बदल करायचा, तो काही आठवडे पाळायचा, काय झाले ते प्रामाणिकपणे लिहायचे आणि शरीर नको म्हणाले तर सोडून द्यायचे. मधुमेहाच्या रुग्णाला भात किती खाता असे विचारले की उत्तर येते, थोडाच. एकदा घरी कच्चा तांदूळ वजनकाट्यावर तोलून, शिजवून, ताटात वाढून पाहा. आपली नेहमीची वाढणी किती ग्रॅमची ते एकदा कळले की पुढे रोज तोलायची गरज राहत नाही. नरहररावांच्या नमुन्याचा उपयोग इथे होतो.

भुकटी आणि पातळ औषधे मात्र दर वेळी मापूनच घ्यायची. ओआरएसचे मोठे पाकीट २०.५ ग्रॅमचे असते आणि ते एक लिटर पाण्यात एकदमच टाकायचे असते. अर्धे आता, अर्धे नंतर असे केले की क्षारांचे प्रमाण बिघडते. पाकीट मिळालेच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या छोट्या चमच्याने. इथे शीग लावू नका. जादा मीठ जुलाबाने सुकलेल्या बाळाला घातक ठरू शकते. बाळाला डब्याचे दूध द्यावेच लागत असेल तर डब्यातलाच मापचमचा वापरा, सपाट भरा आणि लिहिले असेल तेवढेच पाणी घाला. पावडर पुरवून पुरवून वापरली की बाळ उपाशी राहते. सिरप स्वयंपाकघरातल्या चमच्याने देऊ नका, बाटलीबरोबरचे माप किंवा सिरिंज वापरा. इन्सुलिनची ४० युनिटची बाटली असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटची असेल तर नारिंगी टोपणाची. यांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते.

आणि महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, साधारण त्याच वेळी स्वतःचे वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर मधुमेह, क्षय, थायरॉइड, कर्करोग यांपैकी काही नाही ना, हे पाहावे लागते. विनोबांचे वजन ८८ पौंडांवर जाईपर्यंत त्यांना थांबवणारे कुणी नव्हते. आपल्या बाबतीत ते काम भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला आकडाही करू शकतो.